आधी लेबल बघा

प्रिंटर बिघडला असा फोन आला की मी आधी लेबलचा फोटो मागते. माणसं पाठवतात प्रिंटरचा. समोरून, मागून, लुकलुकणारा लाल दिवा अगदी जवळून, झाकण उघडून आतला काळोख. "ताई, बघा ना काय झालंय ते." त्या फोटोंवरून काही कळत नाही, कारण थर्मल लेबल प्रिंटरच्या आत बघण्यासारखं फार नसतंच. शाई नाही, टोनर नाही, इकडून तिकडे पळणारं कार्ट्रिज नाही. एक हेड, एक रबरी रोलर, एकदोन सेन्सर आणि एक मोटर. जे बिघडतं ते यांच्यापैकीच कोणाचं तरी असतं, नाहीतर त्यांच्याशी न जुळणाऱ्या कागदाचं. आणि ज्याचं बिनसलेलं असतं तो लेबलवर आपली खूण ठेवून जातो. ती खूण मजकुरात शोधायची नाही. दोष उभा आहे, आडवा आहे, तिरका आहे की दर लेबलागणिक सरकतोय, एवढंच बघायचं.

हे पटायला हेडचं काम डोळ्यासमोर आणावं लागतं. हेड म्हणजे बारीक बारीक हीटरांची एक ओळ. नेहमीच्या २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांच्या, प्रिंटरमध्ये दर मिलिमीटरला असे ८ ठिपके. छपाईची रुंदी १०४ मिलिमीटर असेल तर एका ओळीत ८३२. हेड जागचं हलत नाही, कागद त्याच्याखालून सरकतो. सेकंदाला १५० मिलिमीटर वेगाने छपाई चालली असेल तर सेकंदाला १२०० ओळी उमटतात, म्हणजे तापून निवायला एकेका ठिपक्याला पुरता मिलिसेकंदही मिळत नाही. एवढ्या वेळात काळं कुठून येतं? कागदातूनच. लेपामध्ये रंग न दिसणारा डाय आणि त्याला रंग आणणारं आम्लधर्मी रसायन शेजारी शेजारी असतात. उष्णतेने वितळून एकमेकांत मिसळले की तिथे काळं होतं.

म्हणून लेबल पूर्ण कोरं बाहेर आलं तर मी पहिल्यांदा नख वापरायला सांगते. लेबलवर नखाने जोरात, झटकन ओरखडा काढायचा. करडी रेघ उठली तर कागद थर्मल आहे आणि हीच त्याची छपाईची बाजू. मग रोल उलटा तर बसवला नाही ना, ते बघायचं. लेपाची बाजू हेडकडे हवी. दोन्ही बाजूंना ओरखडून काहीच उठलं नाही तर तो रिबनच्या, म्हणजे शाईची फीत तापवून छापणाऱ्या, प्रिंटरचा कागद आहे, आणि रिबन नसलेल्या प्रिंटरमध्ये तो जन्मभर कोराच राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दिसायला दोन्ही रोल सारखेच पांढरे असतात, खोक्यावरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, आणि दोष प्रिंटरच्या माथी बसतो.

आता पांढरी रेघ. सगळ्या तक्रारींत मला हीच जास्त आवडते, कारण तिच्यात शंकेला जागा नसते. कागद ज्या दिशेने बाहेर येतो त्या दिशेने, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक लेबलवर नेमकी त्याच जागी एक बारीक पांढरी रेघ. हेड हलत नाही हे एकदा लक्षात आलं की दुसरा कोणी संशयित उरत नाही. त्या जागचा ठिपका कागदापर्यंत उष्णता पोचवत नाहीये. एकतर त्याच्यावर काहीतरी बसलंय, नाहीतर तो गेलाय.

यातलं कुठलं, ते पुसल्यावर कळतं. प्रिंटर बंद करायचा, हेड निवू द्यायचं. कापसाची काडी किंवा धागे न सुटणारं कापड ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासं भिजवायचं; निथळता कामा नये. हेडच्या कडेला एक अरुंद, चकचकीत, गडद पट्टी दिसते, ती सगळ्या रुंदीभर एकाच दिशेने पुसत जायची. काडीवर राखाडी पट्टा येतो. तो कागदाच्या लेपाचा भुगा आणि गोंद. पट्टीवर एखाद्या ठिकाणी काडी किंचित अडखळली तर तिथे चिकटा आहे, आणि बहुधा रेघेची जागाही तीच निघते. नखाने खरवडायचं नाही, ब्लेड तर जवळसुद्धा आणायचं नाही. मिनिट-दोन मिनिटं सुकू दिलं की एक लेबल काढून बघायचं. रेघ गेली तर घाण होती. दोनदा पुसूनही ती तशीच, तितकीच बारीक आणि कडेने तितकीच रेखीव राहिली तर ठिपका मेला असं धरायचं. मेलेला ठिपका जिवंत करायची युक्ती नाही, कोणी सांगितली तरी ऐकू नका.

पण हेड लगेच बदलायलाच हवं असंही नाही, आणि ते का नको ते बारकोडच्या घडणीत आहे. बारकोडची माहिती पट्ट्यांच्या जाडीत आणि मधल्या अंतरात असते. उंचीत काही नसतं. उंची म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. नॉर्मन जोसेफ वुडलँडला ही कल्पना १९४९ च्या सुरुवातीला समुद्रकिनाऱ्यावर बसलेला असताना सुचली: मोर्सचे ठिपके आणि रेघा वाळूत खाली ओढल्या की जाड-बारीक पट्ट्या तयार होतात. बर्नार्ड सिल्व्हरबरोबरचं त्याचं पेटंट १९५२ मध्ये मंजूर झालं. त्या ओढलेल्या उंचीचा फायदा असा की पट्टीचा निम्मा भाग फाटला तरी उरलेल्या निम्म्यातून स्कॅनर वाचतो.

पट्ट्या कागदाच्या चालीच्या दिशेने उभ्या असतील तर मात्र मेलेला ठिपका हा फायदा पार घालवतो. बारीक पट्टी अवघी दोन ठिपक्यांची, त्यातला एक गेला की ती पट्टी वरपासून खालपर्यंत निम्मी होते. स्कॅनरने कुठेही वाचलं तरी चुकीचंच दिसणार. तोच बारकोड नव्वद अंशांनी फिरवून शिडीसारखा छापला तर पांढरी रेघ सगळ्या पट्ट्यांना एकाच जागी छेदून जाते, आणि स्कॅनर त्या चिरेच्या डावी-उजवीकडून मजेत वाचतो. त्याची किंमत म्हणजे आडव्या पट्ट्यांची मागची कड भरधाव छपाईत जराशी फरफटते, कारण ठिपका निवायच्या आत कागद पुढे गेलेला असतो. तेव्हा वेग थोडा कमी करायचा. फिरवणंही जमत नसेल तर लेबलचा मजकूर पुरेसा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून ती रेघ बारकोडच्या बाहेर काढता येते. नवं हेड येईपर्यंत असं काम चालतं. मजकुरातली अक्षरं जरा चिरलेली दिसतात, पण पत्ता माणूस वाचतो आणि माणूस मनाने भरून घेतो.

फिकट छपाईचं प्रकरण वेगळं. लेबल फिकट आलं की हात आपोआप डार्कनेसच्या सेटिंगकडे जातो. आठ होतं, बारा केलं. बारा होतं, पंधरा केलं. पुष्कळदा ही आग रामेश्वरी बंब सोमेश्वरीची गत असते. हेडवर भुगा साचल्यामुळे उष्णता कागदापर्यंत पोचत नसेल तर ती वाढवून भुगा आणखी पक्का भाजला जातो. चार दिवस बरं दिसतं, मग पुन्हा फिकट, आणि वाढवायला आता जागा उरलेली नसते. हेडचं आयुष्य छापलेल्या कागदाच्या किलोमीटरमध्ये सांगतात, पण ते किलोमीटर मध्यम आचेवर धरलेले असतात. माझा क्रम ठरलेला आहे: आधी पुसणं, मग वेग कमी करणं, मग कागद तपासणं, आणि एवढं सगळं झाल्यावर डार्कनेस, तीही एकेका घराने. एका वेळी दोन सेटिंग बदलायची नाहीत. फरक पडला तर कशाने पडला हे सांगता आलं पाहिजे.

फिकेपणा एकाच बाजूला असेल तर डार्कनेसचा त्यात काही संबंध नाही. हेडचा दाब एका बाजूने कमी पडतोय. झाकण दोन्ही बाजूंनी बसलं का बघा. पुष्कळ प्रिंटरांत ते एका बाजूचा 'टक' आवाज आला की बसल्यासारखं वाटतं आणि दुसरी बाजू केसभर उघडी राहते. दोन्ही कडांवर तळहात ठेवून दाबायचं. आणि लेबलवर मोठा काळा पट्टा आला की प्रिंटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर अ‍ॅडॉप्टर बदलला गेलाय का, हे विचारायचं. शेकडो ठिपके एकदम तापवायचे म्हणजे करंट भरपूर लागतो. पिन बसली म्हणून कुठलाही अ‍ॅडॉप्टर चालत नाही.

इथपर्यंतचे दोष हेडचे. दुसरी मोठी जात आहे ती जागा चुकण्याची: मजकूर दोन लेबलांच्या मधोमध छापला जातो, एक लेबल छापलेलं आणि एक कोरं येतं, किंवा बटण दाबलं की प्रिंटर पाच-सहा लेबलं बाहेर फेकून लाल दिवा लावतो. इथे माणसं फार चिडतात, कारण डोळ्यांना तर स्पष्ट दिसतंय लेबल कुठे सुरू होतं ते! पण प्रिंटरला लेबल दिसत नाही. त्याला उजेड दिसतो. कागदाच्या एका बाजूला प्रकाश टाकणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो मोजणारा सेन्सर. लेबल आणि खालचा गुळगुळीत कागद मिळून प्रकाश जास्त अडवतात. दोन लेबलांमधल्या तीनेक मिलिमीटरच्या फटीत नुसता खालचा कागद असतो, तिथे प्रकाश थोडा जास्त येतो. तेवढ्या फरकावर सगळी गाडी चालते. कॅलिब्रेशन म्हणजे प्रिंटरने काही लेबलं पुढे सरकवून हे दोन उजेड मोजून ठेवणं. रोल दुसऱ्या कारखान्याचा आला, खालचा कागद पांढऱ्याऐवजी पिवळा किंवा जाड निघाला की जुनी मोजणी चुकते. म्हणून रोलची जात बदलली की कॅलिब्रेशन करायचंच, काल चालत होतं म्हणून आज चालेल असं धरायचं नाही.

सेन्सर कुठे आहे हेही बघावं. काही प्रिंटरांत तो मधोमध पक्का असतो, काहींत सरकवता येतो. शेजारी शेजारी दोन लेबलं असलेला रोल लावला आणि सेन्सर मधोमध असला तर तो दोन लेबलांमधल्या उभ्या फटीवरच येतो. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत फटच दिसते, लेबल कधी येतच नाही. गोल लेबलांचंही तसंच; सेन्सर कडेला असेल तर त्याला फट खरी आहे त्याहून मोठी वाटते. आणि काही रोलना फटीचा उपयोगच नसतो, मागच्या बाजूला काळी खूण असते. ती खूण वाचणारा सेन्सर वेगळा, परतून आलेला प्रकाश मोजणारा. सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं.

चूक दर लेबलागणिक वाढत जाते का, हा प्रश्न मी नेहमी विचारते. पहिलं लेबल बरोबर, दुसरं जरा खाली, दहावं पार घसरलेलं, असं असेल तर प्रिंटर फट बघतच नाहीये. तो अखंड कागद समजून नुसतं अंतर मोजतोय. कागदाचा प्रकार 'गॅप' करायचा. चूक कधी वर, कधी खाली अशी अनियमित असेल तर रोलर घसरतोय: त्याच्यावर धूळ आहे, रबर गुळगुळीत झालंय, किंवा रोल इतका घट्ट बसलाय की फिरताना अडतो. रोलरही अल्कोहोलने पुसता येतो, बोटाने फिरवत फिरवत. आणि एक छापलेलं, एक कोरं असं आलं तर मोजपट्टी घ्यायची. कुरिअरच्या लेबलचं माप दोन तऱ्हेने सांगतात, १०० बाय १५० मिलिमीटर किंवा ४ बाय ६ इंच, आणि सगळे ते एकच समजतात. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर. कागद १५० चा, संगणकातलं पान १५२.४ चं, ते जवळजवळ अडीच मिलिमीटर फटीत शिरतात, आणि पुष्कळ प्रिंटर मग ती फट हुकवून पुढचं लेबल कोरं सोडतात आणि त्याच्या पुढची फट शोधतात. अर्धा रोल असा कोरा वाया गेलेला मी पाहिलाय, आणि दोष फक्त ड्रायव्हरमधल्या एका आकड्याचा होता.

मापाचाच आणखी एक चोर आहे, तो बाहेरून दिसत नाही. लेबल छान येतं, काळं, ठसठशीत, आणि स्कॅनर ते घेत नाही. छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' अशी खूण केलेली असते आणि संगणकाने सगळं ९४ टक्क्यांवर आणलेलं असतं. दोन ठिपक्यांची पट्टी आता १.८८ ठिपक्यांची झाली. पण अर्धवट ठिपका छापता येत नाही, आणि या प्रिंटरला करडा रंगही ठाऊक नाही. मग काही पट्ट्या दोन ठिपक्यांच्या राहतात, काही एकाच्या होतात. डोळ्याला फरक कळत नाही, स्कॅनरचा मात्र सगळा हिशेबच त्यावर असतो. तेव्हा माप १०० टक्के, 'खरा आकार', आणि लेबलची फाइल मुळातच लेबलच्या मापाची हवी. ए-फोर पानाच्या कोपऱ्यातलं लेबल स्क्रीनशॉट काढून छापणाऱ्यांना मी हात जोडते. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा ठेवलेली असते ती शोभेसाठी नाही. तीही स्कॅनरला लागते, आणि असा स्क्रीनशॉट कापताना नेमकी तीच जाते.

संगणकाकडच्या भानगडींवर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्या ओळखायला एकच परीक्षा पुरते. पुष्कळ प्रिंटरांत फीडचं, म्हणजे कागद पुढे सरकवायचं, बटण दाबून ठेवून स्विच चालू केला की तो स्वतःहून चाचणीचं लेबल छापतो, संगणकाला न विचारता. ते लेबल नीट आलं तर हेड, रोलर, कागद सगळे सुटले. उरला ड्रायव्हर, वायर किंवा संगणकात अडकलेली छपाईच्या कामांची रांग. विंडोजमध्ये वायर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली की त्याच प्रिंटरची दुसरी प्रत यादीत येऊन बसते, आणि आपण आधीच्या, आता ऑफलाइन झालेल्या नावावर कामं पाठवत राहतो. वायफायवाला प्रिंटर राउटर बंद-चालू झाल्यावर हरवला तर बहुधा त्याचा आयपी पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये तो पक्का करून टाकायचा. लेबलवर मजकुराऐवजी अगम्य खुणा आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी आल्या तर संगणक एका भाषेत बोलतोय आणि प्रिंटर दुसरी भाषा जाणतो, झेडपीएल आणि टीएसपीएल असा तो घोळ. ड्रायव्हर त्याच मॉडेलचा घातला की मिटतो. देवनागरी पत्त्याच्या जागी चौकोन येणं किंवा वेलांट्या सुट्या पडणं यावर उपाय म्हणजे मजकूर चित्र म्हणून पाठवणं. प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टांकडून जोडाक्षरांची अपेक्षा ठेवू नये.

लेबल आत चिकटतं तेव्हा मात्र सगळं सोडून शांत राहावं. छापलेलं लेबल अर्धवट सोलून ठेवलेलं असतं. पुढचं काम आलं की बरेच प्रिंटर कागद आधी थोडा मागे ओढतात, आणि ते सुटलेलं टोक रोलरला गुंडाळलं जातं. मग कोणीतरी चिमटा आणतं, कोणी कटर. रोलरच्या रबरावर कटरची एक चीर पडली की पुढे कायम त्या जागी छपाई तुटक येते, आणि ती ओळखायलाही सोपी: लेबलवर ठरावीक अंतराने, रोलरच्या एका फेऱ्याएवढ्या, तोच डाग. रोलर हाताने मागे-पुढे फिरवत टोक मोकळं करायचं, हळूहळू सोलायचं, गोंद उरला तर अल्कोहोलची काडी. थिनर नको, रबर फुगतं. लेबल फाडताना एकदम ओढण्यापेक्षा एका कोपऱ्यातून फाडत जावं. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे सुटी लेबलं प्रिंटरच्या तोंडालाच चिकटून बसतात. म्हणून छापलेल्यांचा ढीग तिथे साचू द्यायचा नाही.

रिबनवाल्यांसाठी थोडक्यात. तिरक्या पांढऱ्या रेघा आल्या तर रिबनला चुणी पडतेय, ताण किंवा हेडचा दाब दोन्ही बाजूंना सारखा नाही. रिबन लेबलपेक्षा जराशी रुंद असावी, म्हणजे लेबलच्या कडा हेडला घासत नाहीत. आणि मेणाची रिबन प्लास्टिकच्या लेबलवर लावून अक्षरं बोटाने पुसली जातात अशी तक्रार करू नये. तिथे रेझिन लागतं.

शेवटची एक तक्रार प्रिंटरची नसतेच. "लेबल छान छापलं होतं, महिन्याने बघितलं तर कोरं." थर्मल कागदावर काळं होणं ही रासायनिक गोष्ट आहे आणि ती उलटही फिरते. ऊन, उष्णता, तेल, मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून सुटणारी द्रव्यं, यांनी अक्षरं विरत जातात. भिजू नये म्हणून लेबलवर पारदर्शक टेप लावणारे तर स्वतःच्या हाताने घात करतात. काही टेपच्या गोंदाने खालची छपाई पुसट होते. सॅनिटायझर पडला तर उलटाच प्रकार, सगळा कागदच करडा पडतो. पार्सल चार-आठ दिवसांत पोचतं, त्याला हे लेबल पुरे. वर्षानुवर्षं टिकायची फाइल, बाटली किंवा यंत्राचा नंबर असेल तर रिबन वापरायची. न वापरलेले रोलही उन्हात किंवा गरम गाडीत ठेवायचे नाहीत. कडेने पिवळट-करडे झालेले रोल त्यामुळेच होतात.

सगळं नीट जमलं की त्या रोलसाठीची सेटिंग मी प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवायला सांगते: कागदाचं खरं माप, फट किती, डार्कनेस, वेग, गॅप की काळी खूण. पुढच्या वेळी कोणी आकड्यांशी खेळलं तरी परत येता येतं. फक्त ती चिठ्ठी पेनाने लिहायची. एका उत्साही दादांनी ती त्याच प्रिंटरवर सुबक छापून झाकणाच्या आत, हेडच्या उबेशेजारी चिकटवली होती. पुढच्या वेळी उघडून बघितलं तेव्हा त्यावरचा डार्कनेसचा आकडाच काय तो वाचता येत नव्हता.